फेब्रुवारीचा टोमॅटो आषाढात



माघ सरत आला की भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांमधून मला एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. "ताई, टोमॅटो लई आलाय. फेकवत नाही आन् खाऊन सरत नाही. काय करू?" भात निघाल्यावर खाचराच्या कडेला किंवा घरामागे मोरीच्या पाण्यावर वीस-पंचवीस रोपे लावलेली असतात. जानेवारी-फेब्रुवारीत ती सगळी एकदम पिकायला लागतात. काठीला नीट बांधलेल्या एका रोपाला हंगामात दोन-तीन किलो माल येतो. वीस रोपांचे चाळीस ते साठ किलो झाले, आणि तेही दीड-दोन महिन्यांत. घरात खाणारी तोंडे पाच. शेजारणीला द्यावेत तर तिच्याही दारात टोपली भरलेलीच.

टोमॅटो आपल्या वस्तीत आणखी एका वाटेने येतो, तीही सांगितली पाहिजे. नसरापूर, कापूरव्होळ, किकवी या महामार्गाच्या पट्ट्यात आपल्या बाया तोडणीला जातात. भाव पडला की मालक म्हणतो, "उरलेला माल घेऊन जा." मग फुटका, डागी टोमॅटो पाटीभर घरी येतो. घ्यायला हरकत नाही. पण हा टोमॅटो मजुरीच्या वर असला पाहिजे, मजुरीच्या बदल्यात नको. "आज पैसे नाहीत, टोमॅटो ने" हे ऐकून गप्प बसायचे नाही. मजुरी रोख मागायची, तो आपला कायद्याचा हक्क आहे. आणि शेवटची फवारणी कधी झाली तेही विचारायचे. काल-परवा औषध मारलेला माल फुकट मिळाला तरी घरात आणू नका. धुतल्याने वरचे औषध बरेच जाते, सगळे जात नाही.

भावाचे म्हणाल तर त्याचा खेळ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये किलोला दोन-तीन रुपये मिळतात म्हणून नाशिक-औरंगाबादकडच्या शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो शंभर रुपयांच्या वर गेला आणि आपल्या चुलीवरून गायब झाला. केंद्र सरकारने २०१८ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी पाचशे कोटींची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना जाहीर केली होती. ती मोठ्या मालासाठी. मोरीच्या पाण्यावरच्या वीस रोपांचे आपले आपणच बघायचे आहे.

मला काळजी आहे ती आषाढ-श्रावणाची. वेल्ह्याकडे, पासली-केळदच्या बाजूला पाऊस लागला की आठवडा-आठवडा उघडत नाही. एसटी चुकली की बाजार चुकला. घरात तांदूळ असतो, डाळ असली तर असते, भाजी नसते. रानभाज्या उगवतात, पण लावणीला गेलेल्या बाईला त्या खुडायला सवड कुठली? मग भात-आमटी, नाहीतर भात आणि मिरचीचा ठेचा. दवाखान्यात नोकरीला होते तेव्हा याच दिवसांत तपासणीला येणाऱ्या गरोदर बायांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली की आत पांढरे फटक दिसायचे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये शंभरातली ६९. त्याआधीच्या पाहणीपेक्षा हे आकडे वाढलेले आहेत, कमी झालेले नाहीत.

आधी खा, मग ठेवा

एक गैरसमज आधी काढून टाकते. टोमॅटो लाल आहे म्हणून रक्त वाढवत नाही. त्यात लोह अगदीच थोडे असते. बिटाचेही तेच. टोमॅटोचे काम वेगळे आहे. पालेभाजी, नाचणी, बाजरी, डाळी, हरभरे यांत लोह असते, पण ते आपल्या आतड्याला सहज घेता येत नाही. आंबट पदार्थातले क जीवनसत्त्व त्या लोहाला असे रूप देते की आतडे ते ओढून घेते. शंभर ग्रॅम ताज्या टोमॅटोत साधारण २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. मोठ्या बाईला दिवसाला ६५ लागते. म्हणजे मेथीच्या भाजीबरोबर दोन मध्यम टोमॅटोंची कोशिंबीर खाल्ली की दिवसाची बरीचशी गरज भागली, आणि मेथीतले लोहही कामी आले. त्याच जेवणावर लगेच चहा प्यायला तर चहा ते लोह पुन्हा अडवतो. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक घ्यायची असते. "गोळीने मळमळतं" म्हणून अर्ध्याहून जास्त गोळ्या डब्यात पडून राहिलेल्या मी घरोघरी पाहिल्या आहेत. ती रात्री जेवणानंतर, ताज्या टोमॅटोच्या चार फोडी नाहीतर लिंबाच्या पाण्याबरोबर घेऊन पाहा.

म्हणून ज्या दिवसांत टोमॅटो दारात आहे, त्या दिवसांत तो कच्चा, रोज, दोन्ही वेळा ताटात हवा. कापून लगेच खावा. सकाळी कापलेली कोशिंबीर संध्याकाळी खाल्ली तर तिच्यातले क जीवनसत्त्व बरेच उडालेले असते. मोरीच्या पाण्यावर वाढवलेला असेल तर झाड काठीला बांधून फळ जमिनीपासून वर ठेवा आणि कच्चे खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. जमिनीला टेकलेले, सांडपाणी लागलेले फळ शिजवूनच खा.

साठवणीबद्दल खरे सांगायचे तर उन्हात वाळवल्यावर टोमॅटोतले क जीवनसत्त्व जवळजवळ संपते. मग वाळवायचा कशाला? तर त्याचा आंबटपणा राहतो आणि आंबटपणानेही लोह शोषायला थोडी मदत होते. त्याचा लाल रंग ज्या लायकोपिनमुळे असतो ते टिकते. तेलात शिजवल्यावर ते शरीराला कच्च्या टोमॅटोपेक्षाही चांगले मिळते. आणि मुख्य म्हणजे चव राहते. चव असली की मूल डाळ-भात पोटभर खाते. पावसाळ्यातल्या क जीवनसत्त्वासाठी लिंबू, पेरू आणि मोड आलेली मटकी आहेच. वाळवण हे औषध नाही. भाजी नसलेल्या दिवशी कालवणात टाकायला काहीतरी असावे, एवढ्यासाठी ते आहे.

फ्रिज नाही तर वाळवण

साठवायच्या रीती खूप आहेत. आपल्या घरांपुरता माझा नियम सोपा आहे. घरात चालता फ्रिज नसेल तर वाळवायचे. दुसरे काही करायचे नाही. फ्रिज असेल तर थोडा गर शिजवून ठेवता येईल. बाटलीत भरून फळीवर ठेवायची प्युरी वस्तीतल्या घरात करू नये. का ते पुढे सांगते.

आपल्या आज्या-पणज्यांना वाळवण कुणी शिकवायची गरज नव्हती. चान्या म्हणजे काय ते जुन्या माणसांना विचारा. नव्या पोरांना हा शब्दही माहीत नसतो. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावून दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या आणि गाडग्यात भरून ठेवायच्या. ती हौस नव्हती. गावकीच्या कामात जे पदरात पडायचे ते एकाच दिवशी पडायचे, आणि पुढे महिनाभर काही नसायचे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, आणि आपल्या लोकांनी पिढ्यांची सवय मोडून ते सोडले. भोरहून वरंध घाट उतरला की महाड येते. २० मार्चला याच घाटाने आपण चवदार तळ्याला जातो. ते मांस सोडले ते बरोबरच झाले. पण त्याच्याबरोबर वाळवणाचे कसबही गरिबीची खूण म्हणून टाकून दिले, हे मला पटत नाही. मीठ किती, ऊन किती, आत कधी घ्यायचे, बुरशी कशी ओळखायची, ही आपल्या बायांची विद्या होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या घरांमधले खाणे लिहून ठेवले आहे. मावळातल्या आज्यांकडूनही ते लिहून घ्यायला हवे, त्या आहेत तोवर.

आता टोमॅटो. त्यात शंभरातले ९४ भाग पाणी असते. त्यामुळे दहा किलोचे वाळून सहाशे-सातशे ग्रॅम उरतात. क्रेटभर माल दोन बरण्यांत बसतो. हे ऐकून पुष्कळ जणींचा हिरमोड होतो, पण जागा कमी लागते हाच तर फायदा.

लांबट, जाड गराचा, कमी बियांचा टोमॅटो वाळवायला चांगला. घरचा गावरान टोमॅटो गोल, पातळ सालीचा आणि रसाळ असतो. तो वाळायला दोन दिवस जास्त घेतो आणि मधेच नासूही शकतो. गावरान आधी कालवणात संपवा आणि लांबट वाळवा. दोन्ही असतील तर एकत्र वाळवू नका, कारण एक कडक होतो तेव्हा दुसरा ओलाच असतो.

पिकलेले पण घट्ट टोमॅटो घ्या. फुटलेला, काळा डाग पडलेला, अळी लागलेला वाळवणात नको. डाग कापून उरलेला भाग त्याच दिवशी शिजवून टाका. हात साबणाने धुवा, विळी किंवा सुरी धुवा. देठाकडचा कडक भाग काढून करंगळीच्या अर्ध्या जाडीचे काप करा. जाड फोडी बाहेरून वाळल्यासारख्या दिसतात आणि आत ओल्या राहतात. पुढे सगळी बरणी त्यांच्यामुळे जाते. एक किलो कापांना एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरते. मीठ लावून काप तासभर चाळणीत ठेवा. खाली जो रस निथळेल तो फेकू नका, त्याच वेळच्या आमटीत घाला.

निथळलेले काप धुतलेल्या सुती कापडावर, बाजेवर किंवा बांबूच्या सुपात एकेक करून पसरा. ॲल्युमिनियमच्या ताटात किंवा पत्र्यावर ठेवू नका. टोमॅटोचा आंबटपणा धातूला खातो आणि तो धातू खाण्यात उतरतो. रंगीत प्लास्टिकचा कागदही नको, त्याखाली घाम धरतो. वरून जुनी मच्छरदाणी किंवा पातळ साडी अशी ताणून बांधा की ती कापांना चिकटणार नाही. उघड्यावरच्या वाळवणावर माश्या बसतात आणि आपण म्हणतो उन्हाने सगळे मरते. सगळे मरत नाही. शौचालय, उकिरडा, गोठा यांच्यापासून लांब, जमिनीपासून उंच जागा निवडा. आपल्या वस्त्यांत अशी जागा बहुधा समाजमंदिराची किंवा विहाराची गच्ची असते. चार घरांनी मिळून तिथे वाळवण घातले तर राखण करायला एकच म्हातारी पुरते.

दिवसातून दोनदा काप उलटा. ऊन उतरायच्या आत सगळे घरात घ्या. हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगते आणि हेच सगळ्यात जास्त वेळा चुकते. फेब्रुवारीत आपल्या डोंगरपट्ट्यात पहाटे दव पडते. दिवसभर गेलेले पाणी एका रात्रीत परत येते. मार्चच्या उन्हात चार-पाच दिवसांत काम होते, फेब्रुवारीत आठवडाही लागतो. मधेच आभाळ आले तर काप पंख्याखाली पसरा. दोन दिवस ऊन मिळणार नसेल तर अर्धवट वाळलेले काप शिजवून खाऊन टाका. चिकट झाले, आंबूस वास आला, पांढरी-काळी लव दिसली तर सगळा घाणा टाकायचा. बुरशी नखाने काढून बाकीचे वापरायचे नाही. दिसते ती वरची लव असते, तिचे धागे आत गेलेले असतात.

झाले की नाही हे बोटाने कळते. चामड्यासारखा वाकणारा काप अजून ओला आहे. तो फ्रिजमध्ये ठेवता येईल, पण आपल्या पावसाळ्यात फळीवर टिकणार नाही. आपल्याला हवा तो काप वाकवताच कट्कन मोडला पाहिजे. असे काप गार होऊ द्या, काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या बरणीत पाऊण भरा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. बरणीच्या काचेला आतून घाम दिसला किंवा काप एकमेकांना चिकटले तर पुन्हा दोन दिवस ऊन. आठवडा कोरडा गेला की झाकण घट्ट लावा. मे महिन्यात कुरडया-पापड घालताना या बरणीलाही एकदा ऊन दाखवा. मग ती चुलीजवळच्या कोरड्या फळीवर, जिथे सुकट आणि मीठ ठेवतो तिथे ठेवा. पूड करून ठेवायचा मोह होतो, पण पूड पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून गोळा होते. काप ठेवा आणि लागेल तेव्हा चार दिवसांपुरते कुटा.

फ्रिज असेल तर, आणि बाटलीबद्दल

फ्रिज असलेल्या घरी टोमॅटो चिरून स्टीलच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, निम्मे होईपर्यंत आटवा. गार करून बर्फाच्या साच्यात भरा. गोठल्यावर वड्या पिशवीत काढून फ्रीझरमध्ये ठेवा. एक वडी म्हणजे एका वेळच्या आमटीची सोय. त्या काही महिने टिकतात. मात्र वेल्ह्याकडे पावसात वीज दोन-दोन दिवस जाते. वितळलेली वडी पुन्हा गोठवू नका, तिचे सार करून त्याच दिवशी प्या. फ्रीझर नसेल, नुसता फ्रिज असेल, तर आटवलेला गर चार-पाच दिवसांत संपवायचा. त्याच्या पुढे ठेवायचा नाही.

आता बाटलीचे. नर्सिंगचा डिप्लोमा हातात असून मी हा मूर्खपणा स्वतः केला आहे. एका वर्षी घरच्या टोमॅटोचा गर आटवला, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्या गरम पाण्याने विसळल्या, गर भरला, झाकणे घट्ट लावली आणि ओट्याखाली ठेवला. नवव्या दिवशी रात्री आवाज झाला. एका बाटलीचे झाकण उडून लाल गर भिंतीभर झाला होता आणि दुसरी फुग्यासारखी टम्म फुगली होती. आत खमीर वाढून वायू धरला होता. ते निदान दिसले तरी. माझी भीती न दिसणाऱ्या जंतूची आहे. मातीत राहणारा एक जंतू हवा नसलेल्या बंद बाटलीत वाढतो आणि बोट्युलिझम नावाची विषबाधा करतो. वास येत नाही, चव बदलत नाही. डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागते, जीभ जड होते, गिळता येत नाही, मग श्वास बंद पडत जातो. हे क्वचित घडते, पण घडले तर तालुक्याच्या दवाखान्यात भागत नाही.

हा जंतू पुरेशा आंबट पदार्थात वाढत नाही. टोमॅटो नेमका सीमारेषेवर आहे. काही जाती पुरेशा आंबट असतात, काही नसतात, आणि जास्त पिकलेल्याचा आंबटपणा कमी होतो. म्हणून जगभर घरगुती बाटलीबंद टोमॅटोसाठी एक लिटर गराला दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व घालतात. मग रबरी कडेच्या नव्या झाकणांच्या खास काचेच्या बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून, आपल्या भोरसारख्या उंचीवर अर्ध्या लिटरची बाटली चाळीस मिनिटे आणि लिटरची पन्नास मिनिटे खळखळ उकळतात. एवढे जळण, अशा बाटल्या आणि दर वेळी नवी झाकणे आपल्याला परवडतात का? मला परवडत नाहीत. म्हणून मी बाटलीच्या नादी लागत नाही. कुणी मोबाइलवर पाहून सोडियम बेंझोएट टाकायला सांगेल. सॉसमध्ये ते टाकतात, पण त्याचे माप किलोला पाऊण ग्रॅमच्या आसपास असते. आपल्या घरात पाऊण ग्रॅम मोजणारा काटा नसतो. चिमटीच्या अंदाजाने घालायची ती वस्तू नाही.

औषध फवारणीची रिकामी बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी खाण्याच्या वस्तूला वापरायचा नाही. हे दर वर्षी सांगावे लागते, म्हणून पुन्हा सांगितले.

कोणी जपून खावे

वाळवलेल्या टोमॅटोत मीठ एकवटते. एक किलोला लावलेले पाच-सहा ग्रॅम मीठ सत्तर ग्रॅम वाळवणात येऊन बसते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. लोणचे, पापड, सुकट, खारे वाळवण हे सगळे आपल्या पावसाळ्याच्या ताटात एकदम येते, आणि पन्नाशीपुढच्या किती जणांना बीपीची गोळी चालू आहे ते वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. वाळवण टाकलेल्या कालवणात वरून मीठ घालण्याआधी चाखा. बीपीवाल्यांसाठी थोडे काप मीठ न लावता वेगळे वाळवा. त्यांना मार्चचे कडक ऊनच हवे, आणि काप आणखी पातळ. वर्षाच्या आतल्या बाळाला खारे वाळवण देऊ नका. सहा महिन्यांनंतर ताजा टोमॅटो डाळीत शिजवून, साल-बिया काढून चालतो. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डायलिसिस चालू आहे, त्यांनी टोमॅटो, आणि वाळवलेला तर नक्कीच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. त्यातले पोटॅशियम त्यांच्या हृदयाला त्रास देते. छातीत जळजळ होणाऱ्यांनी रात्रीच्या जेवणात आंबट कमी ठेवावे.

मुतखड्याचे मात्र उगाच झाले आहे. "टोमॅटोच्या बियांनी खडा होतो" हे मी इतक्यांदा ऐकले आहे की मोजणे सोडले. बिया पोटातून शौचावाटे बाहेर पडतात, त्या मूत्रमार्गात जातच नाहीत. ज्या ऑक्झलेटमुळे बरेचसे खडे होतात ते टोमॅटोत अगदी कमी आणि पालकात कितीतरी पट जास्त असते. खडा होतो तो बहुतेकदा पाणी कमी प्यायल्याने. उन्हात कामाला जाणाऱ्या बाया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबतात. दोष टोमॅटोला देतात.

विकायचे म्हटले तर

बचत गटाच्या दोघी-तिघींनी विचारले, जास्तीचे वाळवण विकता येईल का. येईल. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करावी लागते, ती साधी असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटाच्या सदस्याला चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल आणि यंत्रासाठी पस्तीस टक्के अनुदानाची तरतूद ठेवलेली होती. पंचायत समितीत 'उमेद'च्या माणसाला विचारा.

पण त्यातली दुसरी अडचण कुठल्याच माहितीपत्रकात नसते. एका प्रदर्शनात आपल्या गटाच्या बाया टोमॅटोची चटणी आणि वाळवण घेऊन बसल्या होत्या. टोमॅटो याच बायांनी तोडले, तेव्हा सगळ्या बाजाराने घेतले. चटणी झाल्यावर एका बाईंनी डबा हातात घेतला, लेबल वाचले, "कुठल्या वस्तीच्या तुम्ही?" म्हणून विचारले आणि डबा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरून तीच वस्तू जास्त भावाने नेली. आपल्या बाया घरी येऊन दोन दिवस गप्प होत्या. मी त्यांना लेबलवरून वस्तीचे नाव काढा असे सांगितले नाही, सांगणारही नाही. वाळवण १४ एप्रिलच्या जयंतीच्या जेवणाला आपल्याच मंडळाने त्यांच्याकडून विकत घ्यावे, असे मी सुचवले, आणि मंडळाने घेतले. तालुक्यातली बाकीची मंडळेही असे करू शकतात. शंभर-दोनशे माणसांच्या आमटीला पाऊण किलो वाळवण लागते, आणि पैसा वस्तीतच राहतो.

वाळवण वापरायचे कसे, तर मूठभर काप अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. ते पाणी ओतू नका, त्यातच आंबटपणा उतरतो. वर्षावासात संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन ऐकून घरी यायला उशीर होतो, तेव्हा माझ्या घरी हे असते: तेलात कांदा-लसूण परतायचा, निवडून धुतलेली सुकट टाकायची, मग भिजवलेले टोमॅटो पाण्यासकट, हळद आणि तिखट. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. दहा मिनिटांत भाताबरोबर खायला तयार. सुकट न खाणाऱ्यांनी तिच्या जागी मोड आलेली मटकी टाकावी आणि ताटात वरून लिंबू पिळावे.